आधी कोणाचं मत? अमेरिकेतली स्त्रीमताधिकाराची चळवळ १८६९ मध्ये का फुटली

अमेरिकेतल्या स्त्रियांच्या मताधिकाराची गोष्ट सांगताना दोन सालं हमखास येतात. १८४८ साली न्यूयॉर्क राज्यातल्या सेनेका फॉल्स या लहानशा गावात पहिली स्त्रीहक्क परिषद भरली आणि १९२० साली १९वी घटनादुरुस्ती मंजूर झाली. मधली ७२ वर्षं बायका लढत राहिल्या आणि शेवटी जिंकल्या, एवढ्यावर गोष्ट संपते. पण त्यातली वीसेक वर्षं ही चळवळ दोन संघटनांत फुटलेली होती. गुलामगिरीविरुद्ध ज्यांनी वर्षानुवर्षं एका व्यासपीठावरून भाषणं केली, तीच माणसं एका घटनादुरुस्तीवरून एकमेकांसमोर उभी राहिली. प्रश्न असा होता: काळ्या पुरुषांना मताचा हक्क मिळतोय, पण कुठल्याच बाईला मिळत नाही, अशा दुरुस्तीला पाठिंबा द्यायचा की विरोध करायचा?

हे भांडण मला फार जवळचं वाटतं, कारण त्यात कोणाचंही दुःख खोटं नव्हतं. आणि ज्या बायकांवर दोन्ही दुःखं एकदम कोसळली होती, त्यांना विचारायला मात्र दोन्ही बाजूंना सवड झाली नाही.

ही माणसं मुळात एकत्र होती

आधी ओळखी करून घेऊ. १८४० मध्ये लंडनला गुलामगिरीविरोधी जागतिक परिषद भरली. अमेरिकेतून प्रतिनिधी म्हणून गेलेल्या बायकांना तिथे बसायला जागा मिळाली नाही. पडद्यामागे बसून नुसतं ऐका, असं त्यांना सांगण्यात आलं. ल्युक्रेशिया मॉट आणि तरुण एलिझाबेथ केडी स्टँटन यांची भेट तिथेच झाली. आठ वर्षांनी दोघींनी इतर मैत्रिणींच्या साथीने सेनेका फॉल्सची परिषद भरवली. सुमारे ३०० लोक जमले. तिथल्या सगळ्या ठरावांत मताच्या हक्काचा ठरावच सर्वांत जास्त अडला, कारण ही मागणी अनेकांना भलतीच धाडसी वाटली. त्या ठरावाच्या बाजूने उभा राहिला तो गुलामगिरीतून पळून आलेला, आता वर्तमानपत्राचा संपादक असलेला फ्रेडरिक डग्लस. तो ठराव मंजूर होण्यात त्याच्या भाषणाचा वाटा मोठा होता.

सुझन बी. अँथनी १८५१ मध्ये स्टँटनला भेटली. स्टँटन लिहायची, अँथनी गावोगाव फिरायची. ही जोडी पुढे पन्नास वर्षं टिकली. तिसरी ल्यूसी स्टोन. ओबर्लिन कॉलेजची पदवीधर, लग्नानंतरही माहेरचं नाव कायम ठेवणारी, गुलामगिरी आणि स्त्रियांचे हक्क या दोन्ही विषयांवर सभा गाजवणारी. १८६१ मध्ये उत्तरेतली राज्यं आणि गुलामगिरी टिकवू पाहणारी दक्षिणेतली राज्यं यांच्यात यादवी युद्ध पेटल्यावर या बायकांनी आपली मागणी बाजूला ठेवली. गुलामगिरी कायमची बंद करा, या मागणीसाठी स्टँटन आणि अँथनीच्या संघटनेने सुमारे चार लाख सह्या गोळा केल्या. डिसेंबर १८६५ मध्ये १३व्या दुरुस्तीने गुलामगिरी संपली.

महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतल्या ज्या लोकांना अर्पण केला, ती हीच माणसं. तोवर त्यांच्यात फूट पडून चार वर्षं झाली होती.

जागांचं गणित

फूट कशी पडली हे कळायला थोडा कायदा समजून घ्यावा लागेल. तो अवघड नाही.

अमेरिकेत मत कोणी द्यायचं हे मूळ घटनेत ठरवलेलं नव्हतं; ते प्रत्येक राज्य ठरवत असे. केंद्रातल्या प्रतिनिधिगृहात राज्याला किती जागा मिळणार, हे मात्र लोकसंख्येवर ठरे. गुलामगिरी होती तोवर दक्षिणेतले गुलाम या मोजणीत तीन-पंचमांश धरले जात. पाच माणसं असली तर तीन मोजायची. गुलामगिरी संपली आणि तीच माणसं पूर्ण मोजली जाऊ लागली. म्हणजे युद्ध हरलेल्या दक्षिणेच्या जागा उलट वाढणार, आणि त्या जागांवर निवडून जाणार गोरे जमीनदारच, कारण काळ्यांना तिथे मत नव्हतं.

सत्तेवरच्या रिपब्लिकन पक्षाने यावर १४व्या दुरुस्तीत एक तोड काढली. राज्याने ज्या प्रमाणात लोकांना मत नाकारलं, त्या प्रमाणात त्याच्या जागा कमी करायच्या. पण ‘लोक’ म्हटलं तर बायकाही आल्या, आणि बायकांना मत न देणाऱ्या उत्तरेतल्या राज्यांच्याही जागा गेल्या असत्या. म्हणून मजकुरात ‘पुरुष’ हा शब्द घातला गेला. तोवर अमेरिकेच्या घटनेत मतदाराचं लिंग कुठेच लिहिलेलं नव्हतं.

स्टँटनला याचा अर्थ लगेच कळला. १ जानेवारी १८६६ च्या पत्रात तिने लिहिलं की हा शब्द एकदा आत शिरला तर बाहेर काढायला निदान शंभर वर्षं लागतील. नुसता हक्क न मिळणं वेगळं आणि तो नाकारल्याचं देशाच्या घटनेत लिहून ठेवलं जाणं वेगळं. तिचा संताप माझ्या मते पूर्णपणे रास्त होता.

गुलामगिरीविरोधी चळवळीचा नेता वेंडेल फिलिप्स याने मे १८६५ मध्येच सांगून टाकलं होतं: एका वेळी एकच प्रश्न, ही घटका काळ्या माणसाची आहे. या वाक्यातला ‘काळा माणूस’ पुरुषच असणार हे त्याने गृहीत धरलं होतं. काळी बाई त्याच्या हिशेबात नव्हती.

हार्परबाईंचं भाषण

मे १८६६ मध्ये न्यूयॉर्कला स्त्रीहक्क परिषद भरली आणि तिथेच काळे पुरुष आणि सर्व स्त्रिया यांच्यासाठी एकदम मताधिकार मागणारी ‘अमेरिकन इक्वल राइट्स असोसिएशन’ स्थापन झाली. त्या परिषदेत फ्रान्सिस एलेन वॉटकिन्स हार्पर बोलल्या. कवयित्री, व्याख्यात्या, जन्मापासून स्वतंत्र असलेल्या काळ्या घरातल्या.

त्यांनी स्वतःची हकीकत सांगितली. नवरा कर्ज मागे ठेवून गेला. पदरात चार मुलं. हार्परबाई लोणी काढून ते बाजारात पाठवत आणि त्यावर घर चालवत. नवरा जाऊन तीन महिने झाले नाहीत तोच कर्जवसुलीचा माणूस आला आणि दुधाची मडकी, कपडे धुण्याचे टब, सगळं घेऊन गेला. त्यांनी विचारलं, नवऱ्याच्या जागी मी मेले असते तर? कोणी त्याच्या घरात शिरून त्याचं अंथरूण विकलं असतं का?

इथपर्यंत सभागृहातल्या प्रत्येक गोऱ्या बाईला ही आपलीच गोष्ट वाटली असेल. मग त्या पुढे गेल्या. आगगाडीतून जाताना आपल्याला कसं विड्या ओढणाऱ्या पुरुषांच्या डब्यात ढकललं जातं, हे त्यांनी सांगितलं आणि म्हणाल्या, “तुम्ही गोऱ्या बायका इथे हक्कांबद्दल बोलता. मी अन्यायांबद्दल बोलते.” बाईला मत मिळालं की सगळी दुःखं संपतील यावर आपला विश्वास नाही, असंही त्यांनी स्पष्ट सांगितलं. आणि तरीही त्यांच्या भाषणाचा गाभा होता तो हा, की माणुसकीच्या एकाच मोठ्या गाठोड्यात आपण सगळे बांधलेले आहोत.

त्या सभेत हे भाषण कोणी नीट मनावर घेतलं असतं, तर पुढची तीन वर्षं वेगळी गेली असती असं मला राहून राहून वाटतं.

कॅन्सस, १८६७

पहिला तडा कॅन्सस राज्यात गेला. तिथे १८६७ च्या शरद ऋतूत दोन प्रश्नांवर सार्वमत होतं: मतदाराच्या व्याख्येतून ‘गोरा’ हा शब्द काढायचा का, आणि ‘पुरुष’ हा शब्द काढायचा का. दोन्हींवर मत देणार होते ते गोरे पुरुषच.

वसंतात ल्यूसी स्टोन आणि तिचा नवरा हेन्री ब्लॅकवेल राज्यभर फिरले. शरदात स्टँटन आणि अँथनी आल्या. रिपब्लिकन पक्षाने स्त्रियांच्या मागणीकडे पाठ फिरवली. राज्यातल्या काही पुढाऱ्यांनी तर उघड विरोधी प्रचार केला. पैसा संपला. तेव्हा या दोघींनी हात धरला तो जॉर्ज फ्रान्सिस ट्रेन नावाच्या श्रीमंत डेमोक्रॅटचा. हा माणूस स्त्रियांच्या मताच्या बाजूने बोलायचा आणि त्याच भाषणात काळ्यांची हेटाळणी करायचा. दोन्ही प्रस्ताव जवळपास दोनास एक अशा फरकाने पडले. बायकांना नऊ हजारांच्या आसपास मतं मिळाली, काळ्या पुरुषांना दहा हजारांच्या वर.

ट्रेनच्या पैशावर जानेवारी १८६८ मध्ये ‘द रेव्होल्यूशन’ हे साप्ताहिक निघालं. गुलामगिरीविरोधी चळवळीतल्या जुन्या सहकाऱ्यांना हा विश्वासघात वाटला, आणि तो होताही. एकटं पडल्यावर माणूस मिळेल त्याची मदत घेतो हे मी समजू शकते. पण ट्रेनचं म्हणणं काय आहे, हे या दोघींना शेजारी बसून रोज ऐकू येत होतं.

दुसरी बाजूही धुतल्या तांदळासारखी नव्हती. त्याच १८६७ मध्ये ब्लॅकवेलने दक्षिणेतल्या गोऱ्यांना उद्देशून एक पत्रक काढलं. त्यातला हिशेब असा: बायकांना मत द्या, कारण दक्षिणेत गोऱ्या बायकांची मतं मिळवली की गोऱ्यांचं बहुमत टिकतं. पुढे चळवळीला जे विष भिनलं, त्याची कृती इथे छापून निघाली होती.

स्टाइनवे हॉल, १२ मे १८६९

फेब्रुवारी १८६९ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, १५वी दुरुस्ती संमत केली. वंश, वर्ण किंवा पूर्वीची गुलामगिरी या कारणांवरून कोणाचं मत नाकारता येणार नाही. लिंगाचा उल्लेख नाही. आता ती राज्यांच्या मंजुरीसाठी गेली होती. तीन-चतुर्थांश राज्यांचा होकार लागतो, म्हणून प्रत्येकाने बाजू घेणं भाग होतं.

मे महिन्यात समान हक्कांच्या त्या संघटनेची वार्षिक सभा न्यूयॉर्कच्या स्टाइनवे हॉलमध्ये भरली. तोवर स्टँटन आपल्या लेखांतून काळे पुरुष आणि परदेशातून आलेले मजूर यांना तुच्छतेची नावं ठेवून लिहू लागली होती. राजेशाही आणि प्रजासत्ताक यांतला फरकही न कळणारे हे लोक ल्युक्रेशिया मॉटसारख्या बाईसाठी कायदे करणार का, असा तिचा सवाल होता. डग्लसने सभेत त्याचा निषेध केला. स्टँटनचे स्त्रियांवरचे उपकार मान्य केले, पण ही भाषा खपवून घेणार नाही म्हणाला. मग मताची निकड काळ्यांना जास्त का, हे त्याने सांगितलं. स्त्री आहे म्हणून बायकांना न्यूयॉर्क आणि न्यू ऑर्लिन्सच्या रस्त्यांवर पाठलाग करून पकडलं जाईल, घरातून ओढून दिव्याच्या खांबाला लटकवलं जाईल, त्यांची मुलं हिसकावून फरसबंदीवर आपटली जातील, तेव्हा त्यांची निकड आमच्याइतकी होईल.

यातलं काहीही अलंकारिक नव्हतं. १८६३ मध्ये न्यूयॉर्कच्या दंगलीत काळ्या माणसांना खरोखरच खांबांना लटकवलं होतं. १८६६ मध्ये मेम्फिसला तीन दिवसांत ४६ काळी माणसं मारली गेली आणि त्याच वर्षी न्यू ऑर्लिन्सला कत्तल झाली.

श्रोत्यांतून कोणीतरी विचारलं: “हे सगळं काळ्या बाईच्या बाबतीतही खरं नाही का?”

डग्लस म्हणाला, “हो, हो, हो. पण ती बाई आहे म्हणून नाही, ती काळी आहे म्हणून.”

या उत्तरापाशी मी अडते. मेम्फिसच्या दंगलीत काळ्या बायकांवर बलात्कार झाले होते आणि त्यांतल्या काहींनी काँग्रेसच्या चौकशी समितीसमोर उभं राहून साक्ष दिली होती. त्यांच्यावरचा अत्याचार काळी म्हणून होता की बाई म्हणून, हे वेगळं करून दाखवणं कोणाला शक्य होतं? डग्लसचं काळीज या प्रश्नात होतं यात शंका नाही. पण त्याने बाईचे दोन भाग केले आणि त्यातला एक मागे ठेवला.

अँथनी उठली. संपूर्ण जनतेला मताची अख्खी भाकरी द्यायची नसेल, तर निदान सर्वांत बुद्धिमान लोकांना आधी द्या, असं ती म्हणाली. ‘बुद्धिमान’ म्हणजे कोण हे सभागृहात सगळ्यांना कळलं. स्टोनने दोघांच्या मध्ये उभं राहायचा प्रयत्न केला: बाईच्या दुःखाचा सागर मोजता येत नाही आणि काळ्यांच्या दुःखाचाही नाही, या भयंकर खड्ड्यातून कोणीही बाहेर पडलं तरी मी मनापासून आभार मानीन. हार्परबाईही बोलल्या. वंशाचा प्रश्न आला की गोऱ्या बायका तो दुय्यम ठेवतात आणि स्त्रीचा पुढे करतात, हे त्यांनी तोंडावर सांगितलं. देश एका वेळी एकच प्रश्न हाताळू शकत असेल, तर काळ्या पुरुषाच्या वाटेत आपण काडीही आडवी घालणार नाही, असं त्या म्हणाल्या.

सगळ्याच काळ्या बायकांनी तोच कौल दिला असं मात्र नाही. सोजर्नर ट्रूथ स्वतः गुलाम म्हणून जन्मलेली. दोन वर्षं आधी, १८६७ मध्ये, ती म्हणाली होती की काळ्या पुरुषांना हक्क मिळाले आणि काळ्या बायकांना नाही, तर ते बायकांचे मालक होतील आणि सगळं पूर्वीइतकंच वाईट राहील. फिलाडेल्फियाचे काळे नेते रॉबर्ट पर्व्हिस तर म्हणाले की मुलीला मत मिळणार नसेल तर माझ्या मुलालाही नको. मेरी ॲन शॅड केरी ही काळी पत्रकार पुढे स्टँटनच्या संघटनेत गेली, हार्परबाई स्टोनच्या. म्हणजे या फुटीत काळे एका बाजूला आणि गोऱ्या बायका दुसऱ्या बाजूला असं चित्र नव्हतंच.

दोन संघटना

सभेनंतर तीनच दिवसांनी स्टँटन आणि अँथनीने ‘नॅशनल वुमन सफरेज असोसिएशन’ काढली. नोव्हेंबरात क्लीव्हलंडला स्टोनच्या गटाने ‘अमेरिकन वुमन सफरेज असोसिएशन’ स्थापन केली. पहिलीचा १५व्या दुरुस्तीला विरोध, दुसरीचा पाठिंबा. पहिलीचं लक्ष वॉशिंग्टनवर आणि केंद्रीय घटनादुरुस्तीवर; घटस्फोट, मजूर बायकांचे पगार असे विषयही ती घ्यायची. दुसरी राज्याराज्यांत काम करायची आणि मताच्या मागणीला चिकटून राहायची. हेन्री वॉर्ड बीचर हा धर्मोपदेशक तिचा पहिला अध्यक्ष होता.

फेब्रुवारी १८७० मध्ये १५वी दुरुस्ती लागू झाली. डग्लसने त्यानंतर लगेच स्त्रियांच्या मतासाठी लिहायला सुरुवात केली आणि आयुष्यभर ते सोडलं नाही. अँथनीने १८७२ मध्ये आपल्या रोचेस्टर गावी सरळ जाऊन मत टाकलं. तिच्यावर खटला झाला, १०० डॉलर दंड झाला, तो तिने कधीच भरला नाही. १८७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की नागरिक असणं आणि मतदार असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आता एकतर केंद्रीय दुरुस्ती मिळवायची, नाहीतर एकेका राज्याचं दार ठोठावायचं, एवढंच राहिलं.

१८८८ च्या वसंतात सेनेका फॉल्सच्या चाळिसाव्या वर्षानिमित्त वॉशिंग्टनला स्त्रियांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. पंडिता रमाबाई तिथे बोलल्या. डग्लसही बोलला: गुलामगिरीतून पळालो ते स्वतःसाठी, गुलामांच्या मुक्तीसाठी झटलो ते माझ्या लोकांसाठी, पण स्त्रीच्या हक्कांसाठी उभा राहिलो तेव्हा त्यात ‘मी’ नव्हतो, आणि त्या कृतीत मला थोडी थोरवी सापडली. दोन वर्षांनी, १८९० मध्ये, स्टोनची मुलगी ॲलिस स्टोन ब्लॅकवेल हिच्या खटपटीने दोन्ही संघटना एक झाल्या.

एकीची किंमत कोणी दिली

समेट झाला तो नेमका दक्षिणेत काळ्यांची मतं काढून घेतली जात असताना. १८९० मध्ये मिसिसिपी राज्याने मतदानावर कर आणि वाचनाची परीक्षा लादली; दक्षिणेतल्या इतर राज्यांनी त्याचा कित्ता गिरवला. आणि एकत्र झालेली स्त्रीसंघटना दक्षिणेतल्या गोऱ्या बायकांना जवळ करू पाहत होती. १८९३ च्या ठरावात तिने बजावून सांगितलं की एकूण काळ्या मतदारांपेक्षा लिहितावाचता येणाऱ्या गोऱ्या बायका जास्त आहेत. ब्लॅकवेलचं १८६७ चं गणित आता अधिकृत धोरण झालं होतं. १८९५ चं अधिवेशन अटलांटाला होतं. यजमानांना अवघडल्यासारखं होईल म्हणून अँथनीने डग्लसला येऊ नका असं सांगितलं. १८४८ मध्ये मताच्या ठरावासाठी जो उभा राहिला होता, त्याला.

काळ्या बायकांनी १८९६ मध्ये स्वतःची राष्ट्रीय संघटना बांधली. हार्परबाई संस्थापकांत होत्या. १९१३ च्या वॉशिंग्टनच्या मोर्चात काळ्या पत्रकार आयडा बी. वेल्स यांना सगळ्यांच्या मागे, काळ्यांच्या तुकडीत चाला असं सांगण्यात आलं. त्यांनी ऐकलं नाही. इलिनॉय राज्याची तुकडी येताच गर्दीतून पुढे होऊन त्या तिच्यात सामील झाल्या.

ऑगस्ट १९२० मध्ये १९वी दुरुस्ती मंजूर झाली. स्टँटन, अँथनी, स्टोन, हार्पर, डग्लस यांच्यापैकी कोणीही तो दिवस पाहायला नव्हतं. दक्षिणेत काळ्या बायका नाव नोंदवायला गेल्या तेव्हा तेच कर आणि त्याच परीक्षा त्यांच्यापुढे ठेवल्या गेल्या. १९२१ मध्ये ॲडी हंटन यांच्या नेतृत्वाखाली १४ राज्यांतल्या ६० काळ्या बायका स्त्रियांच्या मतासाठी लढलेल्या ‘नॅशनल वुमन्स पार्टी’ची नेता ॲलिस पॉल हिच्याकडे गेल्या आणि आमच्यासाठीही आवाज उठवा म्हणाल्या. पॉलने नकार दिला: हा वंशाचा प्रश्न आहे, स्त्रियांचा नाही. या परीक्षा मोडून काढणारा मताधिकार कायदा व्हायला १९६५ साल उजाडावं लागलं.